गरजांची हमी आणि संधीची समानता : मराठवाड्याचा अनुभव

अन्न, पाणी, निवारा, औषधोपचार आणि शिक्षण या किमान गरजा भागतील अशी शाश्वती समाजाने आपल्या प्रत्येक घटकाला द्यावी काय, आणि जन्म कोणत्याही घरात झाला असला तरी पुढे जाण्याची वाट सर्वांना सारखी खुली राहील अशी व्यवस्था उभारणे हे समाजाचे कर्तव्य मानावे काय, हे दोन प्रश्न अभ्यासग्रंथांत बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत विभागले जातात. पहिल्याची चर्चा सरकारी खर्चाच्या संदर्भात होते, दुसऱ्याची आरक्षण आणि गुणवत्ता यांच्या वादात. मराठवाड्याचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास ज्याने लक्षपूर्वक पाहिला आहे त्याला ही वाटणी मान्य करणे जड जाईल, कारण या प्रदेशात दोन्ही प्रश्न एकाच घरासमोर, आणि पुष्कळदा एकाच वर्षी, उभे राहिले आहेत. १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेले महाविद्यालय हा संधीच्या समानतेचा प्रयोग होता. १९७२ च्या दुष्काळाच्या झळांत आकाराला आलेली रोजगार हमी योजना हा गरजेच्या हमीचा प्रयोग होता. दोन्ही प्रयोग महाराष्ट्राला भूषणावह आहेत. प्रस्तुत ग्रंथाची भूमिका अशी आहे की त्यांना एकमेकांपासून तोडल्यामुळे दोहोंचे बळ घटले, आणि जिथे ते जोडले गेले, विशेषतः वसतिगृहात, तिथे त्यांनी पिढ्यांचे आयुष्य पालटले.

आरंभी दोन संज्ञांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. येथे हमी म्हणजे असा हक्क, की जो नागरिक स्वतः मागू शकतो, ज्याची पूर्तता कोणी आणि किती दिवसांत करायची हे कायद्याने ठरलेले असते, आणि पूर्तता झाली नाही तर भरपाई मिळते. वर्षाच्या तरतुदीवर चालणारी, उद्दिष्ट संपले की अर्ज परत करणारी योजना कितीही उदार असली तरी या अर्थाने हमी ठरत नाही. संधीच्या समानतेचेही दोन अर्थ आहेत. औपचारिक समानता म्हणजे दार कोणालाही बंद नसणे : जागेची जाहिरात सर्वांसाठी, परीक्षा सर्वांसाठी, निवड गुणांवर. वास्तविक समानता त्यापुढे जाऊन असे विचारते की सारखी बुद्धी आणि सारखी जिद्द असलेल्या दोन मुलांना, त्यांचे आईबाप कोण आहेत याचा विचार न करता, त्या दारापर्यंत पोहोचण्याची सारखी शक्यता आहे काय. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये न्यायाचा सिद्धान्त मांडताना याच भेदावर भर दिला, आणि अमर्त्य सेन यांनी पुढे असे दाखवले की माणसाच्या हाती काय आहे एवढे मोजून भागत नाही, त्यातून तो काय करू शकतो आणि काय बनू शकतो हे पाहावे लागते. कन्नड तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील शेतमजुराच्या मुलीला स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरता येतो; पण शहरात वर्षभर राहून, मेसचे पैसे भरून, अभ्यासिकेत जागा घेऊन तयारी करता येते की नाही, यावर त्या अर्जाची किंमत ठरते.

भारतीय संविधानाने हे दोन्ही विषय हाताळले, परंतु वेगळ्या भागांत आणि वेगळ्या बळाने. सार्वजनिक नोकऱ्यांतील संधीची समानता अनुच्छेद १६ मध्ये मूलभूत हक्क म्हणून आली. काम मिळण्याचा, शिक्षणाचा आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण यांत सार्वजनिक साहाय्याचा हक्क अनुच्छेद ४१ मध्ये, म्हणजे राज्याच्या धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत गेला, आणि तोही राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. मार्गदर्शक तत्त्वे राज्यकारभारात मूलभूत मानावीत, पण न्यायालयातून त्यांची अंमलबजावणी मागता येणार नाही, असे अनुच्छेद ३७ सांगतो. स्वतः आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेती, प्रमुख उद्योग आणि विमा राज्याच्या हाती असावेत, आणि ही आर्थिक रचना बदलत्या बहुमतावर न सोडता संविधानातच लिहावी, अशी मागणी केली होती. ती मान्य झाली नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्यातील विसंगतीबद्दल जो इशारा दिला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. न्यायालयांनी ही दरी काही अंशी भरून काढली आहे : मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि प्राथमिक शिक्षण २००२ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क झाले. तरीही मूळ विभागणी कायम आहे, आणि तिचे परिणाम मराठवाड्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसतील.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई प्रांतातील मराठी जिल्ह्यांच्या मानाने शिक्षणात फार मागे होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला उच्च शिक्षण दुर्मीळ होते, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलाच्या बाबतीत तर तो विचारच कुणी करत नव्हते. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली संस्था मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय चालवत होती. दुसऱ्या महाविद्यालयासाठी त्यांनी सोयीचे, साधनसंपन्न शहर न निवडता औरंगाबाद निवडले, यातच त्यांचा समतेविषयीचा विचार दिसतो : जिथे मागणी तयार आहे तिथे संस्था काढणे सोपे असते, जिथे मागणी करायचीही सवय नाही तिथे ती आधी काढावी लागते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन ही नावे मिळाली, ग्रीक राजा आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा बौद्ध भिक्षू यांची. प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्यांना शतकानुशतके नाकारला गेला त्यांच्या मुलांसाठी यापेक्षा समर्पक नावे सुचणे कठीण आहे.

नागसेनवनाचे खरे वैशिष्ट्य मात्र वर्गखोल्यांइतकेच तिथल्या वसतिगृहांत आहे. बीड, परभणी, नांदेडच्या खेड्यांतून येणाऱ्या दलित विद्यार्थ्याला शहरात भाड्याने खोली मिळणे अवघड होते, कारण घरमालक आधी जात विचारत. खोली मिळाली तरी भाडे आणि जेवण परवडत नव्हते. आणि गावी परतल्यावर शेतात किंवा वेठबिगारीत हात लावावा लागणार हे ठरलेले होते. अशा मुलाला प्रवेश देणे म्हणजे त्याला संधी देणे नव्हे. त्याला राहायला जागा, दोन वेळचे जेवण, रात्रीचा दिवा आणि सोबतीला आपल्यासारखीच धडपडणारी मुले दिली, तर प्रवेशाला अर्थ येतो. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली औरंगाबादेतून निघालेले 'अस्मितादर्श' हे नियतकालिक आणि साठच्या दशकापासून या परिसरात बहरलेली दलित साहित्याची चळवळ यांचे श्रेय अनेक व्यक्तींना जाते. पण त्या व्यक्ती घडल्या त्या जागेचा विचार केला, तर भाकरीची काळजी काही वर्षांपुरती मिटणे ही मोठी गोष्ट होती.

वसतिगृहाची ही परंपरा मिलिंदपासून सुरू होत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, हा आदेश सर्वांना ठाऊक आहे. त्याच सुमारास त्यांनी कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांची मालिका उभी केली, याची दखल आरक्षणाच्या चर्चेत क्वचितच घेतली जाते. राखीव जागा भरायला शिकलेली मुले हवीत, आणि शिकायला गाव सोडून आलेल्या मुलाला छप्पर हवे, हे त्यांना दिसले होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवणारे वसतिगृह साताऱ्यात चालवले आणि श्रमातून शिक्षणाचा खर्च भागवण्याची 'कमवा व शिका' ही पद्धत रुजवली. महाराष्ट्रातील समतेच्या कार्याचा हा धागा वैचारिक ग्रंथांत फारसा दिसत नाही, कारण वसतिगृह हा तत्त्वज्ञानाचा विषय वाटत नाही. प्रत्यक्षात गरज आणि संधी यांचा सांधा तिथेच जुळतो.

संधी खुली झाली की समाज ती आनंदाने स्वीकारतो, असा समज मात्र मराठवाड्याच्या इतिहासाने खोटा ठरवला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर खेड्यापाड्यांत दलितांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या सोळा वर्षांची कारणमीमांसा अनेकांगी आहे. तिच्यात जातीचा अभिमान आहे, प्रदेशाच्या अस्मितेचा प्रश्न आहे, आणि त्याबरोबरच मोजक्या नोकऱ्यांसाठी वाढलेली स्पर्धाही आहे. ठरावाच्या अवघी चार वर्षे आधी, १९७४ मध्ये, याच प्रदेशातील विद्यार्थी रोजगार आणि विकासाच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले होते. ज्या तरुणांच्या हाताला काम नव्हते त्यांना शेजारच्या वस्तीतला पदवीधर हा आपल्या वाट्यातला घास घेणारा वाटावा, यात जातीचे विष होतेच. पण एकूण घासच अपुरे असल्याने ते विष भिनायला जागा मिळाली, हेही नाकारता येत नाही. म्हणून संधीच्या समानतेचे रक्षण करायचे असेल तर किमान गरजांची हमी सर्व जातींतील गरिबांना द्यावी लागते; एरवी एकाची संधी दुसऱ्याला आपले नुकसान वाटत राहते.

दुसऱ्या प्रयोगाकडे वळताना १९७२ च्या दुष्काळाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. पाऊस एकाच वर्षी हुलकावणी देऊन गेला नव्हता. सलग तीन हंगाम बिघडले होते, आणि औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत विहिरी आटून जनावरे विकायची वेळ आली होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव आणि नालाबंडिंगच्या कामांवर माणसे लोटली. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो यांची आठवण त्या पिढीच्या बोलण्यात अजून निघते. धान्याचे उत्पादन इतके कोसळूनही व्यापक भूकबळी टळले, आणि ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी पुढे या अनुभवाचा दुष्काळनिवारणाचे महत्त्वाचे उदाहरण म्हणून अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा की लोकांच्या हाती मजुरीचा पैसा पडला, म्हणून बाजारातून धान्य त्यांच्या गावापर्यंत आले. भुकेचे कारण धान्याच्या टंचाईइतकेच क्रयशक्तीच्या अभावात, म्हणजे विकत घेण्याची ऐपत नसण्यात होते.

या कामांना कायमच्या हमीचे रूप देण्याची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे त्यांनी साठच्या दशकातच तिचा लहान प्रयोग करून पाहिला होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावर जो गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही केवळ जमिनीच्या फेरवाटपाने ग्रामीण गरिबी हटणार नाही, सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा लागेल, असा निष्कर्ष होता. विधिमंडळाने १९७७ मध्ये कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. गावातील प्रौढाने कामाची मागणी नोंदवली की १५ दिवसांत काम द्यायचे, देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय ठेवायची, असे त्याचे स्वरूप होते. भत्त्याची रक्कम दिवसाला एक रुपया इतकी अल्प होती. तरीही हजेरीपटावर नाव लागण्यासाठी मुकादमाची मर्जी पाहावी लागणाऱ्या बाईला मागणीचा कागद तहसीलमध्ये देण्याचा अधिकार मिळाला, ही ग्रामीण सत्तासंबंधांतील मोठी उलथापालथ होती. संसदेने २००५ मध्ये संपूर्ण देशासाठी केलेला ग्रामीण रोजगार हमीचा कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

हमीच्या विरोधात नेहमी दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही गांभीर्याने घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की फुकट मिळाले की माणूस आळशी होतो. रोजगार हमीने याचे उत्तर आपल्या रचनेतच दिले : उन्हात दगड फोडण्याचे काम ज्याला दुसरा उपाय आहे तो मागत नाही, त्यामुळे दारिद्र्याचा दाखला न मागताही मदत बहुतांशी गरजूंपर्यंत पोहोचते. दुसरा आक्षेप पैशाचा आहे. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू केला तो मुख्यतः रोजगार हमीसाठी, आणि जमलेल्या रकमेत राज्याने आपला वाटा घालायचा असे ठरले. पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात संभाजीनगरचा शिक्षक किंवा वाळूजच्या कारखान्यातील पर्यवेक्षक पाहतो, तिचे मूळ खेड्यातील मजुराला दिलेल्या या शब्दात आहे, आणि ही गोष्ट शाळेच्या नागरिकशास्त्रात शिकवली जायला हवी. मुक्त बाजारपेठेचे खंदे पुरस्कर्ते फ्रीड्रिख हायेक यांनीही १९४४ च्या आपल्या ग्रंथात अन्न, वस्त्र आणि निवारा यांची किमान पातळी समाजाने राखण्यास हरकत मानली नव्हती. तेव्हा किमान गरजांच्या हमीवर, वाटते त्यापेक्षा, सहमती मोठी आहे. खरा मतभेद तिच्या पुढे जाण्याबद्दल आहे.

आणि रोजगार हमी तिथेच थांबली. खडी फोडणाऱ्या आईला आठवड्याची मजुरी मिळाली, पण तिची मुलगी शाळेत टिकेल याची व्यवस्था त्या कायद्यात नव्हती; दहा वर्षे कामावर जाऊनही मजुराच्या हाती नवे कौशल्य आले नाही. १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर कामावरील मजुरीही वाढली, ती वाढणे न्याय्यच होते; पण त्यानंतर कामे कमी निघू लागली आणि मागेल त्याला काम हे तत्त्व व्यवहारात आकुंचन पावले, असे अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले. १९९० पासून फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली, तेव्हा काही कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बांधावर मोसंबी, डाळिंब, आंबा आला. तो गरजेकडून संधीकडे जाणारा एक मार्ग होता, मात्र ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्यापुरता.

प्रदेशांमधील समानतेचा प्रश्नही याच चौकटीत येतो. दांडेकर यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत एखाद्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेली सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य यांतील तूट, मोजून दाखवला. अनुच्छेद ३७१ खालील वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. मोजमाप झाले, पण अनुशेष भरून काढण्याची सक्ती कुणावर नव्हती.

खुद्द छत्रपती संभाजीनगरात या विषयाची परीक्षा रोज नळावर होते. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने भूमिगत नहरीने पाणी आणून ज्या वस्तीची तहान भागवली, त्या शहरापासून जायकवाडीचा नाथसागर पन्नासएक किलोमीटरवर आहे, आणि तरीही अनेक वसाहतींत नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. वेळापत्रक सर्वांना एकच असले तरी झळ सारखी नसते. ज्याच्या घराखाली हौद आणि गच्चीवर टाकी आहे त्याला आठवडाभराचे पाणी साठवता येते. पत्र्याच्या खोलीत दोन ड्रमवर भागवणाऱ्या कुटुंबाला मधल्या दिवसांत टँकर किंवा जार विकत घ्यावा लागतो, म्हणजे गरिबाला तेच पाणी महाग पडते, आणि पाण्याची वाट पाहण्यात कामगार स्त्रीचा खाडा किंवा मुलीची शाळा जाते. पाणी ही गरज मानली जाते, शाळा ही संधी मानली जाते. त्या मुलीच्या सकाळी मात्र दोहोंत फरक उरत नाही.

गेल्या काही वर्षांत मराठवाडा आरक्षणाच्या आंदोलनाचे केंद्र झाला आहे. अंतरवाली सराटी या गावातून २०२३ मध्ये उठलेली मराठा समाजाची मागणी आणि इतर मागासवर्गीयांनी व्यक्त केलेली चिंता, या दोहोंच्या मुळाशी कोरडवाहू शेतीचे अरिष्ट आणि नोकऱ्यांचा तुटवडा आहे. आरक्षणाची ऐतिहासिक आवश्यकता, विशेषतः जातीने ज्यांचे माणूसपण नाकारले त्यांच्यासाठी, या ग्रंथात गृहीत धरली आहे. परंतु आरक्षण उपलब्ध जागांची न्याय्य वाटणी करते, जागा वाढवत नाही, आणि त्या जागेपर्यंत पोहोचण्याचा खर्चही भागवत नाही. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना निवास व भोजनासाठी रक्कम देणारी स्वाधार योजना राज्याने २०१६-१७ पासून सुरू केली आणि पुढे इतर समाजघटकांसाठीही तशा योजना आल्या, हे शाहू महाराजांच्या मार्गावरचे पाऊल आहे. प्रवेशाच्या वेळी मंजूर झालेली रक्कम सत्राच्या खर्चाच्या दिवसांत हाती पडेल याचे बंधन मात्र अजून हमीच्या पातळीवर गेलेले नाही.

या साऱ्याची सर्वांत कठोर कसोटी ऊसतोड कामगारांच्या मुलांजवळ लागते. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून हजारो जोडपी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. सोबत गेलेल्या मुलाची शाळा अर्ध्या वर्षासाठी सुटते, आणि थोरल्या मुलीकडे कोपीवरचा, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतला, स्वयंपाक व धाकट्यांचा सांभाळ येतो. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्या हक्काचा उपभोग गावी राहणाऱ्या मुलाला दोन वेळ जेवू कोण घालणार, या प्रश्नापाशी अडतो. त्यासाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे, आणि जिथे ती वेळेवर सुरू होतात तिथे मुले आजीआजोबांजवळ राहून वर्ष पूर्ण करतात. परंतु सर्वेक्षण, प्रस्ताव, मंजुरी आणि निधी हे चक्र दरवर्षी नव्याने फिरते, तर टोळीचा ट्रक ठरलेल्या दिवशी निघतो. रोजगार हमीच्या कायद्याने मजुराला पंधरा दिवसांची मुदत आणि भत्त्याचा अधिकार दिला होता. तशाच शब्दांत ऊसतोड कामगाराला, टोळी निघण्यापूर्वी गावात वसतिगृह सुरू करून घेण्याचा आणि ते न झाल्यास भरपाई मागण्याचा हक्क देता येईल. असा कायदा कसा लिहावा, त्याचा खर्च राज्य, साखर कारखाने आणि ग्राहक यांच्यात कसा वाटावा, आणि मुलगी बारावीपर्यंत शिकली तर पुढच्या शहरात तिच्या राहण्याची जबाबदारी कोणाची, हा पुढील प्रकरणांचा विषय आहे.